पालकाचा संपर्क क्रमांक

प्रतीक्षाला बाहेरच्या राज्यात शिकायला जायचं होतं, आणि ते तिने आईला घरी न सांगता अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन सांगितलं. घरी सांगायची सोय नव्हती.

दुपारचे दोन वाजले होते. मुलं खिचडी खाऊन गेली होती, मदतनीस जनकाबाई मागच्या नळावर पातेली घासत होती, आणि छाया पोषण आहाराचं रजिस्टर भरत बसली होती. मलकापुरातल्या त्या वस्तीतली अंगणवाडी ती सोळा वर्षं चालवत होती. कोणत्या मुलाचं वजन कधी घटलं, कोणाला डोस कधी दिला, सगळं तिच्या अक्षरात लिहिलेलं असायचं.

"आई, मी देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देली होती मे महिन्यात," प्रतीक्षा म्हणाली. "मार्क आले. चांगले हायेत."

"कोनती परीक्षा? कोनाले इचारून?"

"कोनालेच नाई."

छायाने पेन खाली ठेवलं. प्रतीक्षाने फायलीतून एक कागद काढून तिच्यासमोर धरला. भौतिकशास्त्राचा पाच वर्षांचा कोर्स, एम.एस्सी. हातात घेऊनच बाहेर पडायचं. पुण्याच्या खाजगी कॉलेजातली फी आपल्याला झेपणारी नव्हती आणि सरकारी जागा हातून गेली होती. म्हणून तिने दुसऱ्या राज्यांतली विद्यापीठं शोधली होती, जिथे फी कमी आहे आणि मुलींचं वसतिगृह आवारातच आहे. कागदावर दोन नावं होती. एक इंदूरकडचं खाजगी, त्यांचं ऑफिस मलकापुरात बसस्टँडजवळच होतं. दुसरं गुजरातमधलं सरकारी.

"अन् मांगच्या बाजूले काय हाये?" छायाने विचारलं. कागदाच्या पाठीमागून अक्षरं उमटलेली तिला दिसत होती.

प्रतीक्षाने कागद उलटा केला नाही. छायाने स्वतःच केला. मागे छत्तीसगडमधल्या विद्यापीठाचं नाव होतं.

छाया ते नाव दोन वर्षं विसरायचा प्रयत्न करत होती. तिची थोरली मुलगी सारिका तिथे वनशास्त्र शिकत होती. दुसऱ्या वर्षाला असताना वर्गाबरोबर जंगलात फील्डवर गेली, तापाने फणफणून परत आली आणि मेंदूच्या मलेरियाने तिथल्या दवाखान्यात वारली. घरी कळलं ते पोलिसांकडून. मलकापूर ठाण्याचा शिपाई संध्याकाळी तिच्या वडिलांच्या, गोपालरावांच्या दुकानात आला, तुमची मुलगी सिरियस आहे म्हणाला, आणि नवराबायको मिळेल त्या गाडीने निघाले. दुसऱ्या दिवशी बारा वाजता दवाखान्यात पोचले. सारिका सकाळी आठलाच गेली होती.

तेव्हापासून घरात एक वाक्य येऊन बसलं होतं. त्या लोकांनी एक फोन केला नाही. गोपालराव भेटायला आलेल्या प्रत्येकाला हेच सांगायचे. पोरगी तीन दिवस खाटेवर होती अन् त्या वार्डन बाईने साधा फोन केला नाही. छायाही तेच म्हणायची. तिने विद्यापीठाकडे चार पानी तक्रार लिहून पाठवली होती, वसतिगृहाच्या वार्डनवर कारवाई करा म्हणून. उत्तर आलं नव्हतं. त्यात तरी नवल काय, असं दोघांनी मानून घेतलं होतं.

आणि गोपालरावांनी ठरवून टाकलं होतं की प्रतीक्षा गावातल्याच कॉलेजात शिकेल. त्यावर कोणी वाद घालत नव्हतं. मुलगी गेलेल्या बापाशी काय वाद घालायचा.

"तिथं मायी जागा लागली, आई," प्रतीक्षा खालच्या आवाजात म्हणाली. "फी सगळ्यांत कमी तिथंच हाये. पन मी जाईन असं म्हटलं नाई. या दोन्हीतलं तू पाह्य."

"बाबाले सांगतलं का?"

"नाई. तू सांग."

छायाने सांगितलं नाही. पण नाहीही म्हणाली नाही. गावातल्या कॉलेजची प्रयोगशाळा तिने पाहिली होती. टेबलावर धूळ होती आणि मास्तर प्रयोग फळ्यावर काढून दाखवायचे. प्रतीक्षा चौथीत असल्यापासून बापाच्या दुकानात बसायची. हायवेला लागून गोपालरावांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी खोलायच्या आणि आत तांब्याची नवी तार भरायची. तार गुंडाळली की मोटार फिरते कशी, हे त्या मुलीने बापाला इतक्यांदा विचारलं होतं की शेवटी बापाने हात टेकले होते. "मले फिरवता येते, बाई. काऊन फिरते थे तूच शिक अन् मले सांग." हे तो गिऱ्हाइकांसमोर अभिमानाने सांगायचा.

छायाने आपल्या पद्धतीने चौकशी सुरू केली. फी, कोर्स, नोकऱ्या हे प्रतीक्षाने पाहिलंच होतं. छायाला एकच पाहायचं होतं. वसतिगृहात फोन लावला तर कोणी उचलतं का.

इंदूरकडच्या विद्यापीठाचं बसस्टँडजवळचं ऑफिस चकचकीत होतं. टाय लावलेल्या माणसाने दोघींना थंड पाणी दिलं, जाड कागदाचं पुस्तक दिलं, आणि छायाला दर वाक्याला मॅडम म्हटलं. तिने वसतिगृहाचा नंबर मागितला तर म्हणाला, मॅडम, काही लागलं तर मी आहे ना. तिने पुन्हा मागितला. त्याने आपलंच कार्ड पुढे केलं. त्यानंतर चार दिवसांत त्याचे एकोणीस फोन आले, आणि एकदाही तो वसतिगृहाबद्दल बोलला नाही.

गुजरातच्या विद्यापीठात एका कारकुनाने फोन उचलला. नीट बोलला. पहिल्या वर्षाच्या मुलींना खोली मिळेलच असं नाही, बाहेर पेइंग गेस्ट म्हणून राहावं लागेल, असं त्याने सरळ सांगून टाकलं. छायाने त्याचे आभार मानले आणि त्या नावापुढे फुली मारली.

तिसरा नंबर तिला शोधावा लागला नाही. सारिकाच्या ट्रंकेत वसतिगृहाची पावती होती, तिच्यावर तो छापलेला होता. तो तिने का लावला हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. तिथेही कोणी उचलणार नाही आणि हा विषय कायमचा संपेल, असं वाटलं असावं.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"गर्ल्स हॉस्टेल. निर्मला साहू बोल रही हूँ."

तक्रारीच्या चार पानांत हेच नाव छायाने सात वेळा लिहिलं होतं. ती म्हणाली, "मैं सारिका की माँ बोल रही."

पलीकडे खुर्ची सरकली. मग त्या बाई म्हणाल्या, "बोलिए बहनजी."

"मेरी दूसरी लडकी का नंबर लगा है उधर."

"अच्छा. आप उसको लेकर आइए. एक बार देख लीजिए. यहाँ महाराष्ट्र की छह लड़कियाँ हैं."

"देखने का क्या उसमें," छायाचा आवाज चढला. "एक को भेजा था. एक फोन नहीं किया तुम लोगों ने."

"बहनजी," त्या बाई सावकाश म्हणाल्या, "जाँच का कागज़ तो आपके पते पर भेजा था. मैं समझी आपको सब मालूम है."

छायाने फोन कापला. बाई खोटं बोलते आहे, असं ती मोठ्याने म्हणाली. खोलीत कोणी नव्हतं. पण सोळा वर्षं रजिस्टर भरणाऱ्या बाईच्या डोक्यात कागद हा शब्द अडकून बसला. कोणता कागद? कोणाच्या पत्त्यावर? तिने दोन दिवस घरातली कपाटं उपसली. काही सापडलं नाही. गोपालरावांना विचारायचं तिच्या ओठावर आलं आणि तिथेच राहिलं.

शेवटी तिने ठरवलं, आपण जायचं. प्रतीक्षाला वाटलं, आई विद्यापीठ पाहायला येते आहे. छाया भांडायला चालली होती. त्या बाईला समोर उभं करून विचारायचं, दाखव तुझा कागद.

गोपालरावांना शेगावला दर्शनाला जातो, भक्तनिवासात राहू, असं सांगितलं. ते स्वतः स्टेशनवर सोडायला आले. गाडी शेगावात थांबली तेव्हा दोघींनी डब्याच्या दारातून हात जोडले आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या. बापाशी खोटं बोलण्याची प्रतीक्षाची ही पहिलीच वेळ होती, आणि तिला ते चांगलं वाटत नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

वसतिगृह तसंच होतं. पिवळी इमारत, पुढे पेरूची दोन झाडं. मागच्या वेळी छाया इथे आली ती सारिकाची ट्रंक न्यायला. तेव्हा तिला ना झाडं दिसली होती ना माणसं. आता दारातच चार-पाच मुली उभ्या होत्या. त्यांतली एक पुढे आली आणि छायाच्या पाया पडली. ती सारिकाच्या खोलीत राहणारी, आता शेवटच्या वर्षाला होती. ती प्रतीक्षाकडे पाहत राहिली, कारण दोघी बहिणींचा चेहरा सारखा होता. मग तिने प्रतीक्षाचा हात धरला, "चल, पहले खाना खा ले," म्हणाली आणि तिला मेसकडे घेऊन गेली.

छाया ऑफिसात एकटीच बसली. निर्मला साहू पन्नाशीच्या, अंगाने जड होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. छायाने मनात ज्या बाईला दोन वर्षं शिव्या घातल्या होत्या ती अशी नव्हती. ती मनातली बाई उंच होती, लिपस्टिक लावलेली होती. ही बाई खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घेत होती.

"कागज़ दिखाओ," छाया म्हणाली.

बाईंनी कागद शोधला नाही. त्यांनी कपाटातून एक लांबट रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि ते छायासमोर सरकवलं. वसतिगृहातून बाहेर केलेल्या फोनची नोंद होती. तारीख, वेळ, मुलीचं नाव, कोणाला, काय झालं.

चौदा सप्टेंबर. दुपारी चार दहा. सारिका, वडील. उत्तर नाही. चार पन्नास. वडील. फोन कापला. सात वीस. वडील. फोन कापला. पंधरा सप्टेंबर. सकाळी सव्वाआठ. वडील. लागत नाही. त्याच्याच खाली, मैत्रिणीच्या मोबाईलवरून, वडील, कापला. साडेअकरा. लागत नाही. बारा वाजता, पोलीस चौकीला कळवलं.

प्रत्येक ओळीत नंबर लिहिलेला होता. छायाने एकेक आकडा बोटाने तपासला. तो गोपालरावांचा नंबर होता. एकही आकडा चुकलेला नव्हता.

"मेरे को काहे नहीं लगाया?" तिने विचारलं, पण तिला उत्तर माहीत होतं. फॉर्म गोपालरावांनी भरला होता आणि त्यात एकच नंबर होता. तिने स्वतः नवं सिम घेतलं होतं त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. सारिकाचा फोन फील्डवर नाल्यात पडून बंद झाला होता. आईचा नवा नंबर त्या फोनमध्येच होता, तिला पाठ नव्हता. फोन लागत नव्हता तरी छाया त्या दिवसांत निवांत होती. जंगलात रेंज नसेल, असं ती शेजारणींना सांगत होती.

बाईंनी पुढचं हळूहळू सांगितलं. रिक्षातून दवाखान्यात त्यांनीच नेलं. मुली पाळीपाळीने बसल्या, दोघींनी रक्त दिलं. तक्रार आली तेव्हा चौकशी लागली आणि त्यांना तीन महिने घरी बसवलं. हे रजिस्टर पाहिल्यावर परत घेतलं. निकालाची प्रत मलकापूरला दुकानाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने गेली होती. पोचपावती फायलीत होती. त्यांनी ती दाखवली. खाली गोपालरावांची सही होती, तिरकी, जशी ते नेहमी करत.

छाया त्या सहीकडे पाहत राहिली.

"होश में थी?" तिने विचारलं.

बाई खिडकीकडे पाहत होत्या. "पंद्रह की शाम तक थी."

"कुछ बोली?"

"बोली, माँ निकली क्या. मैंने कहा, निकल गई है."

छाया रडली नाही. तिला लाज वाटत होती, आणि ती इतकी मोठी होती की तिच्यापुढे दुसरं काही सुचत नव्हतं. भांडायला म्हणून पाठ केलेली सगळी वाक्यं तिच्या तोंडात होती आणि त्यांतलं एकही आता कोणाला लावता येत नव्हतं. ती उठली आणि तिने त्या बाईंचे पाय धरायला हात पुढे केले. बाईंनी तिला मधेच धरलं. "नहीं नहीं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याही गुडघ्यांना ते वाकणं झेपलं नाही, आणि दोघी बायका टेबलाला धरून तशाच उभ्या राहिल्या.

"लड़की को मत बताना," छाया शेवटी म्हणाली.

प्रतीक्षा मेसमधून आली तेव्हा हसत होती. तिने भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा पाहून घेतली होती. तिथल्या एका मॅडमने तिला अर्धा तास उभ्याने सगळं दाखवलं होतं, मराठी मुलींनी आपल्या खोलीत रिकामी खाट आहे म्हणून सांगितलं होतं. आईचा चेहरा पाहून ती गप्प झाली. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "भांडली का तू त्याईच्या संगं?"

"नाई."

"मंग?"

"तू इथंच ये शिकाले," छाया म्हणाली. "मानसं चांगली हायेत."

प्रतीक्षाने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला वाटलं, आईने माफ केलं.

मलकापूरला उतरल्यावर छायाने मुलीला घरी पाठवलं आणि ती तशीच दुकानात गेली. ऊन तापलं होतं, रस्त्यावर ट्रक धडधडत होते. गोपालराव साच्यावर तार गुंडाळत बसले होते आणि ओठातल्या ओठात वेढे मोजत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "झालं दर्शन?"

"आमी शेगावले गेलोच नाई."

"मंग कुठी?"

"सारिकाच्या होस्टेलवर. प्रतीक्षाची जागा लागली तिथं."

तार गुंडाळणारा हात थांबला. छायाने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसली.

"चौदा तारखेले तीन फोन, पंधराले तीन," ती म्हणाली. "रजिस्टरमंधी लिवलं हाये. तुमची सईबी पाह्यली."

गोपालरावांनी तार सोडली. साच्यावरचे वेढे सैल होऊन उलगडत गेले आणि त्यांनी ते आवरले नाहीत. मग बोलू लागले तेव्हा कोणी विचारल्यासारखे बोलले नाहीत, रोज मनात म्हणून पाठ झालेलं असावं तसं बोलले.

"पावसानं ताण देला होता तवा. लाईटले व्होल्टेज नोयतं. दिवसाच्या आठ-आठ मोटारी जळून येत होत्या. हात वार्निशमंधी. अन् दिवसभर थे फोनवाले, कार्ड घ्या, लोन घ्या. बाहेरगावच्या कोडवाला नंबर दिसला का मी कापोच. तिसऱ्यांदा आला तं ब्लॉक केला. दुसऱ्या दिवशी मोबाईलवरून आला, थोबी कापला." त्यांनी हात चिंधीला पुसले. "शिपाई आला ना संध्याकाळी, थो बोलून राह्यला होता अन् मी फोन पाहून राह्यलो होतो. तवाच समजलं मले."

"गाडीत माया बाजूले बसले होते तुमी. चौदा घंटे."

"हाव."

"काऊन नाई सांगतलं?"

"तू मले जगू देलं असतं?"

खरंच, त्या गाडीत छायाला हे कळलं असतं तर तिने काय केलं असतं हे तिला माहीत नव्हतं.

"त्या बाईले तीन महिने घरी बसोलं आपून," ती म्हणाली. "मी लिवली थे तक्रार. तुमी बाजूले बसून स्पेलिंग सांगत होते."

गोपालरावांनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. त्यांच्या हाताला वार्निशचा वास होता, तो त्या बंद दुकानात भरून राहिला होता.

"थो नंबर अजून ब्लॉकमंधीच हाये," ते हातांच्या आडून म्हणाले. "काढाले हातच जात नाई. रोज उघडतो, पाह्यतो, बंद करतो." मग हात खाली घेऊन, "म्हनून प्रतीक्षाले बाहीर जाऊ देत नोयतो. तिथं गेली का तिले समजन. मले बाकी कायचं भेव नोयतं."

छायाला हेच सगळ्यांत जास्त लागलं. तिला इतके दिवस वाटत होतं की हा माणूस दुसरी मुलगी गमवायला भितो. तो भीत होता मुलीच्या नजरेला.

"पोरीले सांगशीन?" त्यांनी विचारलं.

"तिनं इचारलं तं खोटं नाई बोलनार. आपून होऊन नाई सांगनार." ती उठली. "तुमच्यासाठी नाई. तिले एक बाप तं राहू द्या. अन् थे जाईन तिथंच. तुमी आडवं यायचं नाई."

"नाई येत."

"अन् त्या बाईले फोन करा."

गोपालरावांनी मान हलवली. त्यांनी पुढच्या महिन्यात दोनदा तो नंबर लावला, हे छायाने पाहिलं. दोन्ही वेळा रिंग जायच्या आधीच त्यांनी बंद केला. शेवटी छायानेच पत्र लिहिलं. सरळ मराठीत लिहिलं, तिथल्या मराठी मुलींकडून वाचून घ्या म्हणाली. तक्रार मागे घेते असं लिहिलं, आणि मग ते खोडलं, कारण मागे घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चूक आमची होती, असं लिहिलं. कोणाची ते लिहिलं नाही.

जुलैत ती प्रतीक्षाबरोबर जाऊन प्रवेश करून आली. फॉर्मवर पालकाचा संपर्क क्रमांक अशी दोन रकान्यांची जागा होती. पहिल्या रकान्यात छायाने आपला नंबर लिहिला. दुसऱ्यात जनकाबाईचा.

"बाबाचा?" प्रतीक्षाने विचारलं.

"दुकानात आयकू येत नाई त्याईले."

प्रतीक्षाने क्षणभर आईकडे पाहिलं. ती हुशार मुलगी होती. पण तिने पुढे विचारलं नाही, आणि छायाने फॉर्मची घडी घातली. त्याची झेरॉक्स घरी टेबलावर होती. गोपालरावांनी ती उचलून वाचली, दोन्ही नंबर वाचले आणि होती तशी परत ठेवली.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले. प्रतीक्षा सकाळच्या गाडीने निघाली. अकोल्याची एक मुलगी त्याच डब्यात चढणार होती, तीही तिकडेच शिकत होती, म्हणून छाया सोबत गेली नाही. गोपालराव स्टेशनवर आले. त्यांनी ट्रंक स्वतः डब्यात चढवली, साखळीने सीटला बांधली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मच्छरदाणी पिशवीत आहे का, हे तिसऱ्यांदा विचारलं. मग खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले.

प्रतीक्षाने खिडकीच्या गजांतून त्यांचा हात धरला.

"बाबा, एक बोलू? त्या लोकाईवर राग नका धरू आता. त्याईनं ताईले टाकलं नोयतं. मले तिच्या मैतरनीनं सांगतलं, त्या सगळ्या बसून होत्या तिच्यापाशी. फोन काऊन लागला नाई काय मालूम. पन मानसं वाईट नाईत."

छाया दोन पावलं मागे उभी होती. गोपालरावांनी मुलीचा हात सोडला नाही, पण त्यांची मान खाली गेली. "नाई धरत राग," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की प्रतीक्षाने पुन्हा विचारलं, काय म्हणालात, आणि त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं.

गाडी हलली. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघं उभी राहिली, एकमेकांपासून हातभर अंतरावर. मग गोपालराव बाकावर बसले. चहावाला आला, त्यांनी नको म्हटलं.

"छाया," ते म्हणाले. नावाने ते तिला कधी हाक मारत नसत. "तू मले माफ करशीन का कधी?"

तिने विचार केला. खोटं बोलायला सोपं होतं आणि त्यांना त्याची गरजही होती. पण तिला ते जमेना.

"माईत नाई," ती म्हणाली.

ते बसून राहिले. ती जिना चढून पलीकडे गेली, रिक्षा केली आणि थेट अंगणवाडीत आली. त्या दिवशी वजनं घ्यायची होती. जनकाबाईने काटा आधीच तुळईला टांगला होता, आणि बायका मुलांना कडेवर घेऊन दारात ओळीने उभ्या होत्या. छायाने हात धुतले, रजिस्टर उघडलं, वर तारीख घातली आणि पहिल्या मुलाला आपल्याकडे घेतलं.